चाक एकीकडे, गाडी दुसरीकडे

मल्टिप्लेअर ड्रायव्हिंग मशीनचं एक स्टीअरिंग बिघडलं की त्या खेळात अन्याय शिरतो. एकट्याने खेळायच्या मशीनवर खराब चाक येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सारखंच छळतं. चार जण शेजारी शेजारी बसून एकाच शर्यतीत उतरतात तेव्हा मात्र तिघांच्या गाड्या हाताला साथ देतात आणि चौथ्याची गाडी सरळ रस्त्यावरही डावीकडे ओढत राहते. पैसे त्याने तेवढेच मोजलेले असतात. तो खेळाडू दहा-बारा वर्षांचा असेल तर दोष मशीनचा आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. आपल्यालाच जमत नाही, असं समजून तो उठतो. मशीन चालवणाऱ्याने स्टीअरिंगच्या तक्रारीला पहिला मान द्यावा, तो यासाठी.

या मशीनमध्ये दुरुस्तीची एक मोठी सोय मात्र आयतीच मिळते. बिघडलेल्या चाकाच्या शेजारी तंतोतंत तशाच बनावटीचं, नीट चालणारं दुसरं चाक असतं. चांगल्या चाकाचे आकडे काय असतात, हे कुठल्या पुस्तकात शोधावं लागत नाही. हात लांब केला की मोजता येतात. बिघडलेलं चाक एकटं तपासू नये, शेजारच्याशी ताडून पाहावं आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. या प्रकरणात पुढे जे काही येईल ते या एका सूत्राचा विस्तार आहे.

नंदुरबारमध्ये हे का शिकायचं

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा सहा तालुक्यांचा जिल्हा. शहादा तालुक्यात तापीच्या काठावर सारंगखेडा आहे. दत्तजयंतीला तिथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिथला घोडेबाजार देशभर नाव कमावून आहे. अशा यात्रेत जोडमशीन, म्हणजे एकमेकांना जोडलेली स्वतंत्र आसनांची मशीन, उभं करायचं ठरवलं, तर ते ट्रकमधून हादरे खात येणार, काळ्या मातीच्या मैदानात उतरणार आणि बऱ्याचदा जनरेटरवर चालणार. यात्रेचे दिवस मोजके असतात. मुंबईहून किंवा सुरतेहून कारागीर बोलावला, तर तो येईपर्यंत अर्धी यात्रा सरते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग मिळतात, पण कोणता भाग आणायचा हे आधी ठरलेलं असावं लागतं. ते ठरवण्याचं काम आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड केलेला इथलाच मुलगा किंवा मुलगी उत्तम करू शकते. हातात मल्टिमीटर हवा आणि डोक्यात क्रम.

थोडी वंशावळ

चाक, पेडल आणि गिअर असलेला पडद्यावरचा मोटार-शर्यतीचा खेळ अटारी कंपनीने १९७४ मध्ये 'ग्रॅन ट्रॅक १०' या नावाने आणला. पुढच्याच वर्षी आलेल्या 'इंडी ८००' मध्ये एका चौकोनी मशीनभोवती आठ खेळाडू उभे राहत आणि मधल्या एकाच रंगीत पडद्यावर आठ गाड्या पळत. बाजूच्या बघ्यांना शर्यत दिसावी म्हणून वर आरसे बसवलेले असत. १९८६ च्या 'सुपर स्प्रिंट' मध्ये एका पडद्यासमोर तीन चाकं होती. १९८७ मध्ये जपानच्या नाम्को कंपनीने 'फायनल लॅप' मध्ये स्वतंत्र मशीन वायरने जोडून आठ जणांची शर्यत लावली. १९९४ मध्ये जगभर पोचलेल्या सेगाच्या 'डेटोना यूएसए' ने हीच जोडणी लोकप्रिय केली.

या इतिहासाचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. एका पडद्यावर तीन चाकं असलेल्या जुन्या मशीनमध्ये एकच बोर्ड सगळ्यांचं काम बघतो. जोडमशीनमध्ये प्रत्येक आसनाला स्वतःचा बोर्ड असतो आणि ते बोर्ड एकमेकांशी बोलतात. आपल्यासमोर यातलं कोणतं मशीन आहे, हे पहिल्यांदा ओळखायचं.

हातापासून पडद्यापर्यंत

खेळाडू चाक फिरवतो तेव्हा चाकाचा दांडा फिरतो. दांड्यावरचा गिअर किंवा पट्टा सेन्सरला फिरवतो. सेन्सर त्या फिरण्याचं विजेच्या खुणेत रूपांतर करतो. ही खूण वायर आणि कनेक्टरमधून बोर्डापर्यंत जाते, बोर्ड तिचा आकडा करतो आणि त्या आकड्यावरून प्रोग्राम गाडी वळवतो. या साखळीची कोणतीही कडी सुटली तरी बाहेरून दिसणारं लक्षण एकच असतं: चाक एकीकडे, गाडी दुसरीकडे. कोणती कडी सुटली हे लक्षणावरून ओळखता येत नाही, म्हणून साखळी मधूनच तपासायला घ्यायची.

ही मधली जागा म्हणजे टेस्ट मेन्यू. बहुतेक मशीनमध्ये नाणेपेटीच्या दारामागे 'टेस्ट' आणि 'सर्व्हिस' ही बटणं असतात. त्यातून इनपुट टेस्टचं पान उघडलं की चाकाचा आकडा पडद्यावर थेट दिसतो. हा आकडा सहसा ० ते २५५ मध्ये असतो. काही कंपन्या तो सोळाच्या पायावर लिहितात. तिथे टोकं ०० आणि एफएफ अशी दिसतात आणि मध्य ८० दिसतो, म्हणजे आपल्या हिशेबात १२८.

समजा, तिसऱ्या आसनाचं चाक बिघडलं आहे आणि चौथ्याचं चांगलं आहे. आता तिसरं आणि चौथं आसन एकाच वेळी टेस्टमध्ये लावा. दोन्ही चाकं सरळ धरा आणि आकडे वहीत लिहा. पूर्ण डावीकडे नेऊन लिहा, पूर्ण उजवीकडे नेऊन लिहा. मग दोन्ही अगदी सावकाश फिरवा. चांगल्या चाकाचा आकडा एकेक करत चढतो. बिघडलेल्याचा आकडा कुठे उडी मारतो, कुठे थांबतो किंवा हात स्थिर असतानाही थरथरतो. आकडा दोन्हीकडे सारखाच चढत असेल तर सेन्सर आणि वायरिंग ठीक आहे. मग दोष पुढे, सेटिंगमध्ये किंवा जोडणीत शोधायचा.

आकडा चुकत असेल तर निर्णायक कसोटी घ्या. दोन्ही मशीन बंद करा, प्लग काढा आणि वायर पुरत असेल तर दोन आसनांच्या सेन्सरचे कनेक्टर आपसांत बदला. पुन्हा चालू करून पाहा. चौथ्या पडद्यावर वेडेवाकडे आकडे आले, तर दोष चाकाबरोबर गेला. म्हणजे तो सेन्सरमध्ये किंवा त्याच्या यंत्रभागात आहे. तिसऱ्याच पडद्यावर राहिला, तर तो पुढच्या वायरमध्ये, बोर्डात किंवा सप्लायमध्ये आहे. दहा मिनिटांच्या या अदलाबदलीने अर्धं मशीन संशयातून मोकळं होतं आणि न लागणारा सुटा भाग मागवण्याचा खर्चही वाचतो.

पॉट: तीन तारांचं शास्त्र

बहुतेक आधुनिक मशीनच्या चाकामागे पोटेन्शिओमीटर असतो. दुकानात त्याला पॉट म्हणतात, जुने रेडिओ मेकॅनिक त्याला व्हॉल्यूम म्हणतात. ५ किलोओहमचा पॉट फार प्रचलित आहे. त्याच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्याला ग्राउंड आणि मधल्या तारेवर सरकत्या स्पर्शकाचा व्होल्टेज मिळतो. चाक सरळ असेल तर साधारण अडीच व्होल्ट.

या तीन तारांपैकी कोणती तुटली हे पडदाच सांगतो. ग्राउंडची तार सुटली तर पॉटमधून प्रवाहच वाहत नाही, मधल्या तारेवर पूर्ण ५ व्होल्ट राहतात आणि चाक कितीही फिरवलं तरी आकडा २५५ वर अडकतो. ५ व्होल्टची तार सुटली तर आकडा शून्यावर बसतो. मधली तार सुटली तर बोर्डाच्या रचनेप्रमाणे आकडा एका जागी अडकतो किंवा वाटेल तसा भटकतो. टोकाच्या दोन तारा उलट लागल्या तर डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे जाते. दुरुस्तीनंतर लगेच अशी तक्रार आली तर आधी हेच पाहावं.

तारा शाबूत असतील तर पॉट तपासायचा. मशीन बंद करून कनेक्टर काढा आणि दोन टोकांमधला रोध मोजा. चाक फिरवलं तरी तो बदलता कामा नये. मग मधली तार आणि एक टोक यांच्यात मोजत चाक सावकाश फिरवा. इथे आकडे दाखवणाऱ्या मीटरपेक्षा जुना काट्याचा मीटर जास्त उपयोगी पडतो, कारण क्षणभराचा झटका आकड्यांत हरवतो पण काटा टुणकन हलतो. झटके बहुधा मध्यावर सापडतात. त्याचं कारण सोपं आहे. शर्यतीत चाक जास्तीत जास्त वेळ सरळच असतं, त्यामुळे स्पर्शक त्याच चिमूटभर जागेवर मागेपुढे घासत राहतो आणि तिथला थर सर्वांत आधी झिजतो. सरळ रस्त्यावर थरथरणारी आणि वळणावर शहाण्यासारखी वागणारी गाडी दिसली की झिजलेल्या पॉटचा संशय घ्यावा.

कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारला तर धूळ निघते आणि यात्रेचा दिवस निभावतो. झिजलेला थर मात्र परत येत नाही, पॉट बदलावाच लागतो. विकत घेताना दोन गोष्टी बघाव्यात. बाजारातल्या बहुतेक पॉटवर 'बी' लिहिलं असेल तर तो सरळ प्रमाणात बदलणारा असतो आणि 'ए' असेल तर आवाजासाठी बनवलेला. 'ए' पॉट चाकाला लावला तर मध्यावर अर्धा रोध येत नाही आणि गाडी एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त वळते. दुसरी गोष्ट आयुष्याची. रेडिओचा साधा कार्बन पॉट काही हजार फेऱ्यांसाठी केलेला असतो, औद्योगिक प्लास्टिक थराचा पॉट लाखो फेऱ्या टिकतो. ५ किलोओहमचा मिळाला नाही तर १० किलोओहमचा 'बी' पॉट अडचणीला सहसा चालून जातो, कारण बोर्ड दोन टोकांमधलं प्रमाण मोजतो. दांड्याची लांबी आणि आकार मात्र जुळलाच पाहिजे.

बसवताना चाक सरळ ठेवा, पॉट मीटर लावून मध्यावर आणा, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा रोध येईल, आणि मगच गिअरचे दात जुळवून ग्रब स्क्रू आवळा. बऱ्याच मशीनचं चाक टोकापासून टोकापर्यंत साधारण २७० अंश फिरतं आणि साध्या पॉटची धावही त्याच्या आसपासच असते. मध्य चुकला तर खेळाडूच्या एका जोरदार हिसक्यात पॉटचा आतला अडसर तुटतो. शेवटी टेस्ट मेन्यूत जाऊन डावं टोक, उजवं टोक आणि मध्य नव्याने नोंदवून सेव्ह करा. हे विसरलं तर नवा कोरा पॉटसुद्धा गाडी एका बाजूला ओढतो.

ट्रकमधून प्रवास झाल्यावर गाडी ओढू लागली, तर पॉटला हात लावण्याआधी हाच ग्रब स्क्रू पाहा. हादऱ्यांनी तो ढिला होतो, गिअर दांड्यावर घसरतो आणि मध्य सरकतो. ॲलन कीने आवळायला दोन मिनिटं लागतात.

ज्या चाकाला टोक नसतं

'सुपर स्प्रिंट' सारख्या जुन्या मशीनचं चाक कितीही फिरवता येतं, ते कुठेच अडत नाही. त्यामागे पॉट नसतो. खाचा असलेली एक तबकडी असते आणि तिच्या दोन बाजूंना इन्फ्रारेड दिवा आणि प्रकाश ओळखणारे दोन डोळे असतात. तबकडी फिरते तसा प्रकाश अडतो आणि सुटतो. दोन्ही डोळ्यांच्या खुणा एकमेकींपासून पाव चक्र मागेपुढे असतात. कोणती आधी आली यावरून बोर्ड दिशा ओळखतो.

इथे मध्य नसतो, त्यामुळे मध्य लावायची गरजही नसते. दोनपैकी एक डोळा गेला तर बोर्डाला दिशा कळत नाही. चाक एकाच बाजूला फिरवत राहिलं तरी आकडा एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे असा जागच्या जागी हलतो. दोन्हींच्या तारा अदलाबदल झाल्या तर दिशा उलटते. दिवा लागतो का हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहता येतं: डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बऱ्याच फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात फिकट जांभळा दिसतो. खाचांमधली माती मऊ ब्रशने काढावी. तंबूच्या फटीतून दुपारचं ऊन थेट सेन्सरवर पडत असेल तर तेही अडवावं, कारण उन्हातल्या इन्फ्रारेडने डोळे दिपतात आणि तबकडी फिरतेय हे त्यांना कळत नाही. सकाळी नीट चालणारं आणि दुपारी बंद पडणारं चाक पाहिलं की हे कारण आठवावं.

हाताला जाणवणारा जोर

नव्या मशीनमध्ये चाकामागे मोटर असते. गाडी भिंतीला धडकली की चाक हाताला झटका देतं, वळणावर जड होतं. ही यंत्रणा स्टीअरिंगच्या आकड्यापेक्षा वेगळ्या वाटेने चालते. चाक हलकं पोकळ लागतंय पण गाडी बरोबर वळतेय, तर पॉटला हात लावू नका. मोटरचा फ्यूज, पट्टा आणि ड्राइव्ह बोर्ड पाहा. उलट चाक स्वतःहून डावी-उजवीकडे थडथडत असेल तर पॉट संशयित ठरतो, कारण मोटर त्याच्याच चुकीच्या आकड्याला प्रतिसाद देत असते. मोटरच्या दोन तारा उलट लागल्या असतील तर चाक मध्याकडे यायच्या ऐवजी टोकाकडे पळतं.

अशी अनेक मशीन सुरू होतानाच चाक स्वतः फिरवून मध्य शोधतात. त्या वेळी चाकावर कुणाचाही हात नसावा, नाहीतर मध्य चुकीचा ठरतो आणि बोटालाही इजा होऊ शकते. ड्राइव्ह बोर्डावर धोकादायक व्होल्टेज असतो. जुन्या काचेच्या पडद्याच्या नळीवर तर प्लग काढल्यानंतरही हजारो व्होल्टचा भार टिकून राहू शकतो. मॉनिटरच्या भागात शिकलेल्या माणसाशिवाय कुणी हात घालू नये.

जोडणीचा दोष, चाकावर आळ

एकट्याने खेळताना गाडी नीट वळते आणि चौघांच्या शर्यतीत गाड्या उड्या मारतात, तेव्हा चाक निर्दोष असतं. जोडमशीनमध्ये एक मशीन मुख्य आणि बाकीची दुय्यम म्हणून नेमावी लागतात आणि प्रत्येकाला वेगळा गाडी-क्रमांक द्यावा लागतो. दोन मशीनना एकच क्रमांक गेला तर जोडणी जमतच नाही. वायर सहसा कड्यासारखी फिरते: पहिल्याची पाठवणारी दुसऱ्याच्या घेणाऱ्या तोंडात, शेवटच्याची पुन्हा पहिल्यात. मधलं एक मशीन बंद असलं तरी पूर्ण कडं तुटतं. प्रकाशवाहक तंतूची वायर असेल तर तिची टोकं स्वच्छ असावीत आणि ती तीव्र कोनात वाकवू नये.

मैदानातली वीज

जपानहून आलेलं मशीन १०० व्होल्टचं असतं आणि आपली वीज २३० व्होल्टची, म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. लाइन १८० वर घसरली तर त्या ट्रान्सफॉर्मरमधून ७८ च्या आसपासच व्होल्ट बाहेर पडतात. मग बोर्डाचा ५ व्होल्टचा सप्लाय डळमळतो आणि स्टीअरिंगसह सगळंच भरकटतं. हा व्होल्टेज सप्लायच्या पेटीवर न मोजता बोर्डाच्या टोकाशी मोजावा, ४.७५ च्या खाली गेला असेल तर आधी तो दुरुस्त करावा, चाक नंतर. सगळी आसनं एकाच वीजबोर्डातून, एकाच फेजवर आणि एकाच चांगल्या अर्थिंगवर घ्यावीत. वेगवेगळ्या ठिकाणाहून वीज घेतलेल्या दोन मशीनना तांब्याच्या वायरने जोडलं, तर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक जोडणीच्या तारेतून वाहतो आणि बोर्ड जळू शकतो. गर्दीत, मातीच्या मैदानात, लहान मुलं हात लावतात अशा लोखंडी मशीनची अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. इथे काटकसर करायचीच नाही.

क्रम आणि वही

सारांशाने क्रम असा ठेवावा:

१. सप्लाय आणि अर्थिंग.
२. चाकाची ढिलाई, सुटलेला स्क्रू, पट्टा, गिअर.
३. टेस्ट मेन्यूतले आकडे, शेजारच्या आसनाशी ताडून.
४. कनेक्टरची अदलाबदल.
५. सेन्सर.
६. मध्याची नव्याने नोंद.
७. जोडणीचे क्रमांक आणि वायर.

प्रत्येक पायरीनंतर एकच गोष्ट बदलायची आणि खेळून पाहायचं. एकदम तीन गोष्टी बदलून मशीन सुरू झालं, तर कशाने झालं हे कळत नाही आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं. दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत त्या आसनाची नाणेफट बंद ठेवावी आणि तिथे तशी पाटी लावावी.

मशीन चांगलं चालतं त्या दिवशीच प्रत्येक आसनाचे डावं, मध्य आणि उजवं असे तीन आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. महिन्याने पुन्हा लिहावेत. मध्याचा आकडा १२८ वरून १२४, मग ११९ असा सरकताना दिसला, की खेळाडूने तक्रार करायच्या आधीच स्क्रू किंवा पॉट पाहता येतो.

हे ज्ञान खेळापुरतं राहत नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनवर आल्या, आणि ॲक्सिलरेटर किती उघडला हे त्यांच्या कंट्रोलरला एक छोटा सेन्सर सांगतो. त्यातही ५ व्होल्ट, ग्राउंड आणि मधली खुणेची तार हेच त्रिकूट असतं, आणि त्याचा आकडा अडकला की गाडी तशीच गोंधळते. शहाद्याच्या किंवा नवापूरच्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या तरुणाला एका आर्केड चाकाच्या तीन तारा वाचता आल्या, तर मोटरसायकलच्या तीन तारा त्याला परक्या वाटणार नाहीत. चांगला नमुना शेजारी ठेवायचा, एका वेळी एकच बदल करायचा आणि आकडा लिहून ठेवायचा, ही सवय तो ज्या यंत्राला हात लावेल तिथे कामाला येईल.